मर्सी वेल्सची धूळ

ड्वेनने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "इथे तुम्ही काहीही करायचं नाही." पुढे जो गोंधळ झाला तो या एका वाक्यामुळे झाला, आणि खरं सांगायचं तर त्यात ड्वेनचा काडीचाही दोष नव्हता. तो नेवाडाच्या वाळवंटात वाढलेला, तिथल्याच सरकारी खात्यात नोकरी करणारा सरळ माणूस. त्याच्याकडे लोक जे म्हणतात तेच त्यांना म्हणायचं असतं. दिगंबर खांबेट्यांच्या मिरजेत मात्र "येताना काही आणू नका हं" असं सांगितलेला पाहुणा पेढे घेऊनच येतो, आणि "आता पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पोळी पडते. बिचारा संकोचाने बोलतोय, हे दिगंबररावांनी ड्वेनच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"चांगल्या घरचा दिसतो," त्यांच्या पत्नी वीणाताई म्हणाल्या.

मर्सी वेल्स हे सोनं सापडलं म्हणून वसलेलं आणि सोनं काढणं परवडेना म्हणून उठलेलं गाव. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांकडे कललेली लाकडी घरं, एक दुकान, छप्पर नसलेली बँक, आणि वर डोंगराच्या अंगाला संडे माइन नावाची खाण. खाणीच्या तोंडाला आता लोखंडी जाळी होती आणि आत वटवाघळं राहत. गाव सरकारच्या ताब्यात होतं. हिवाळ्यात ते बघायला तुरळक लोक येत, त्यांच्यावर नजर ठेवायला खातं एखाद्या रिटायर्ड जोडप्याला रखवालदार म्हणून नेमत असे. पगार नाही, राहायला ट्रेलर, छातीवर बिल्ला आणि डोक्याला सरकारी हॅट. सांता क्लाराच्या मिहीरने, म्हणजे यांच्या मुलाने, ही जागा शोधून दिली, कारण वडील दिवसातून तीनदा फोन करून त्याच्या घराच्या गटाराबद्दल विचारत.

त्या हॅटने जादू केली. मिरज सोडल्यापासून अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात उभा जन्म पाण्याच्या पाइपलाइनीचे व्हॉल्व्ह तपासण्यात घालवलेले दिगंबरराव रिटायर झाल्यापासून डिशवॉशरमध्ये भांडी कशी लावावीत यावर मतभेद करण्यापुरतेच उरले होते. हॅट घातल्यावर ते पुन्हा उंच झाले. तिचा फोटो त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, शुगर लँडच्या जुन्या मित्राला, बाळ गुप्त्याला, वेगळा पाठवला, आणि पूर्ण हिवाळा इथे काढून मगच घरी जायचं, असं मनाशी ठरवून टाकलं. ही हॅट मध्येच परत द्यावी लागणं ही एकच गोष्ट त्यांना त्या वाळवंटात भिववत होती. साप दुसऱ्या नंबरावर.

दुपारी मर्सी वेल्समध्ये काहीही घडत नसे, आणि तेही फार सावकाश. दिगंबरराव दुकानाच्या ओसरीवर खुर्ची टाकून हॅट डोळ्यांवर ओढत. समोर रस्त्यावर ऊन आडवं पडलेलं असे. लांबचे डोंगर निळे, पातळ, हवेत जरा जरा हलणारे. वारा एखादं दार उघडी, थोडा विचार करी आणि परत लावी. मग अर्धवट झोपेत गाव हळूहळू भरू लागे. खाणीवरून माणसं उतरत, पायरीवर बूट झटकत, टोप्या काढून दिगंबररावांना नमस्कार करत. विहिरीच्या पाण्याला गंज येतोय, खांबेटेसाहेब, जरा बघता का, असं कुणीतरी अजिजीने विचारी. दिगंबरराव चष्मा लावून बघत, आणि बहुधा व्हॉल्व्हच गेलेला असे. जागं झाल्यावर रस्ता रिकामा दिसला की त्यांना खरोखर वाईट वाटे, आणि ते उठून दारांच्या कड्या नीट लागल्यात का ते बघून येत.

ड्वेनने नियमही समजावले होते. सरकारी भाषेत त्याला 'अरेस्टेड डिके' म्हणतात. पडझड जिथवर आली असेल तिथेच तिला धरून ठेवायचं. घर पडू द्यायचं नाही आणि सुधारूही द्यायचं नाही. कललेल्या भिंतीला आतून टेकू देऊन ती कललेलीच ठेवायची, फुटकी काच फुटकीच राहू द्यायची. हे दिगंबररावांना पटलं. केर पडझडीत कुठे येतो, एवढीच त्यांची बारीक शंका होती, आणि ती त्यांनी ड्वेनला विचारली नाही.

मग ऑक्टोबरात ड्वेन कसल्याशा ट्रेनिंगला जायला निघाला. जाताना म्हणाला, "मी परत आल्यावर त्या शनिवारी मिसेस प्रूइट येतायत. कोपऱ्यावरच्या घरात जन्मल्या, लहानपणी गाव सोडलं. आता नव्वदीच्या पुढे आहेत. डॉक्टर पुन्हा प्रवास करू देणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय की, तुम्ही घर शेवटचं पाहिलंत तसंच्या तसं बघायला मिळेल. तेव्हा प्लीज, डिग, कशालाही हात लावू नका."

तो दिगंबररावांना डिग म्हणे. त्याची गाडी धुळीच्या लोटात दिसेनाशी होईपर्यंत वीणाताई हात हलवत उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हातारी माहेरी येतेय."

"हो ना."

"दिवाळीत."

दिगंबररावांनी कोपऱ्यावरच्या घराकडे पाहिलं. दारातून टेबल दिसत होतं, त्यावर पत्र्याची ताटली, एक किटली, आडवी पडलेली खुर्ची, आणि या सगळ्यावर बोटभर धूळ. लेक कितीतरी वर्षांनी माहेरी येणार, तेही दिवाळीच्या आठवड्यात, आणि घर असं. आपण इथे असताना. ड्वेन बिचारा संकोची, तोंडाने कसं सांगेल? पण इतक्यांदा "हात लावू नका" म्हणाला याचा अर्थ न कळायला ते काही कालचं पोर नव्हते.

शॉमबर्गहून आणलेला फुलझाडू बाहेर निघाला. वीणाताई मूळच्या नागपूरच्या आणि नागपुरात दिवाळीची साफसफाई ही लढाई असते. जळमटं निघाली, टेबल पुसलं गेलं, ताटली घासली, किटली आतून चमकली. दिगंबररावांनी खुर्ची उभी केली, डगमगतेय म्हणून तिच्या पायाखाली चपटा दगड बसवला आणि परसदारी गेले. तिथे गंजलेल्या डब्यांचा पसारा होता. तो त्यांनी लहानमोठ्या आकारांप्रमाणे लावून सुबक उतरंड रचली. झाडलेली धूळ मोठ्या काळ्या पिशव्यांत भरून तासाभरावरच्या गावी कचराकुंडीत टाकून आले. वीणाताईंनी उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी घातली आणि संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात दोघं पायरीवर चहा घेत बसले. घर खरोखर कुणीतरी आता येणार असल्यासारखं दिसत होतं. मग मिहीरला व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

"बाबा," तो म्हणाला, "ड्वेन लिटरली टोल्ड यू टु डू नथिंग."

"तुला नाही कळायचं ते," दिगंबरराव म्हणाले.

ड्वेन परतला तेव्हा दिगंबरराव हॅट सारखी करून, कौतुक विनयाने कसं स्वीकारावं याची तयारी करून उभे होते. ड्वेन दारात गेला. त्याने आपली हॅट काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी. मग त्याने परसदारची डब्यांची उतरंड पाहिली आणि तो खालीच बसला.

हळूहळू उलगडा झाला. धूळ ही धूळ नव्हती, ठेवा होता. लोक ती बघायला मैलोन्‌मैल गाडी हाकत येत. गंजलेले डबे कायद्याने संरक्षित होते, आणि ते जिथे पडले होते तिथे पडलेले असणं हेही संरक्षित होतं. ड्वेन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी त्या बाईला शब्द दिलाय, डिग. शनिवारपर्यंत घर होतं तसं झालं नाही तर मला वर कळवावं लागेल. मग तुम्हाला जावं लागेल. मला ते नकोय."

दिगंबररावांनी हॅट काढून हातात घेतली. उभ्या आयुष्यात त्यांच्या कामावर असा शेरा आला नव्हता, आणि तोही स्वच्छतेबद्दल. वीणाताई तर ट्रेलरमध्ये जाऊन भांडी घासू लागल्या, जी घासलेलीच होती.

धूळ काढणं सोपं असतं. घालणं किती अवघड आहे याची जगाला कल्पना नाही. दिगंबररावांनी बाळ गुप्त्याला फोन केला, कारण बाळ रिफायनरीत होता आणि त्याला सगळ्यातलं कळतं असं तो स्वतः सांगे.

"अरे दिग्या, सिंपल आहे," बाळ म्हणाला. "टाल्कम पावडर घे, त्यात चहाची पूड मिक्स कर, वरून फॅन सोड. नॅचरल लुक येईल. आणि काय रे, धूळ झाडली म्हणून नोकरी जाणारा तू पहिलाच."

शॉमबर्गच्या शेजारणीचा, नंदाचा, त्याहून उदार प्रस्ताव आला. "वीणा, माझ्या व्हॅक्यूमची बॅग कुरिअर करते ना. फुल आहे." नंदाच्या घराबद्दल वीणाताईंना जो संशय होता तो असा परस्पर मिटला. पण ड्वेनने दोन्ही सूचना फेटाळल्या. धूळ इथलीच हवी, आणि तीही घरातली.

रस्त्यावरची माती आणून पाहिली, ती लालसर निघाली. मग दिगंबररावांना खाणीच्या वाटेवर, जुन्या गिरणीमागे, खनिज दळून उरलेल्या भुकटीचे ढीग दिसले. फिकट पिवळी, बेसनासारखी मऊ, अगदी हवी तशी. त्यांनी बादली भरून आणली आणि ड्वेनने ती दुरूनच खाली ठेवायला लावली. त्या भुकटीत आर्सेनिक असतं. मग हातमोजे आले, मास्क आले, कुठल्याशा अधिकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं, आणि वीणाताईंची कपडे भिजवायची बादली धोकादायक पदार्थ म्हणून सीलबंद होऊन सरकारजमा झाली. त्या दिवशी त्या नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

दुपारी दिगंबरराव जाळीपाशी जाऊन बसले. खाणीतून थंड हवेचा झोत येत होता, ओल्या दगडाचा वास असलेला. आत कुठेतरी माणसांनी सोन्यासाठी डोंगर पोखरला होता आणि इथे आपण एका खोलीपुरती धूळ मिळवू शकत नाही, असं त्यांना वाटलं. डोळे मिटले तर गावातली माणसं पुन्हा खाली उतरताना दिसली, पण आज कुणी टोपी काढली नाही. त्यांच्याकडे नुसतं बघून ती पुढे गेली. हॅटपेक्षाही हे जास्त लागलं. या गावाने आपल्याला ठेवून घेतलं होतं आणि आपण त्याच्याच घरात चुकलो.

परत आले तर वीणाताई तुळशीपुढे उभ्या होत्या. तुळस शॉमबर्गहून गाडीत मांडीवर बसून आली होती.

"अहो, एक पिशवी मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "घरातलीच धूळ, काय मऊ होती. थोडी हिला घातली. उरलेली ट्रेलरमागे आहे."

ड्वेनला बोलावलं. त्याने पिशवीत हात घातला, धूळ बोटांवर चोळून पाहिली, आणि त्या आठवड्यात प्रथमच त्याच्या चेहऱ्याला रंग आला. मग तो तुळशीकडे वळला. हे झाड तांत्रिकदृष्ट्या सरकारी मालमत्तेत उभं आहे, असं तो म्हणणार होता, निदान त्याने तोंड तरी उघडलं. वीणाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

जुने फोटो घेऊन काम सुरू झालं. डबे परसात परत पसरायचे होते, पण फेकायचे नव्हते, ठेवायचे, फेकल्यासारखे. दिगंबररावांना ते काही जमेना, त्यांचा प्रत्येक डबा शिस्तीत पडे. शेवटी ड्वेनने त्यांना पाठ फिरवून डबे मागे सोडायला सांगितलं. खरी अडचण आत होती. चाळणीने धूळ पाडली तर ढीग होत, फुंकली तर पट्टे पडत. पिशवीत होती तेवढीच धूळ, चुकायला वाव नव्हता. वीणाताई थोडा वेळ पुरुषांचं चाललेलं बघत राहिल्या आणि मग त्यांनी पदर खोचला.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या.

त्यांनी चिमूट भरली. अंगठा आणि दोन बोटांमधून धूळ अशी सुटू लागली की ती खाली पडतेय हे दिसतच नव्हतं. किटलीच्या तोटीवर, ताटलीच्या काठावर, पुन्हा आडव्या केलेल्या खुर्चीच्या पायांवर रंगाचा एक श्वास बसावा तशी ती बसत गेली. लहानपणापासून दारात सडा झाल्यावर रांगोळी घालणाऱ्या हाताला समान जाडी म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. फरशी पुसत मागे मागे यावं तशा त्या धूळ घालत दाराकडे आल्या, म्हणजे पाऊल उमटायला नको. उंबऱ्याबाहेर आल्या तेव्हा आत जणू ऐंशी वर्षं कुणी गेलं नव्हतं. उन्हाच्या तिरिपेत थोडे कण तरंगत होते, बाकी सगळं निजलेलं.

ड्वेन पुढे आला. त्याने दिगंबररावांच्या हातातली हॅट घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली.

शनिवारी मिसेस प्रूइट आल्या. चाकाच्या खुर्चीवर, भाचीने ढकलत आणलेल्या, लहानशा, डोळे मात्र ठिणगीसारखे. दारापर्यंत खुर्ची आली आणि पुढे त्या ड्वेनच्या हाताला धरून स्वतः चालत आत गेल्या. दिगंबरराव आणि वीणाताई उंबऱ्याशी उभे राहिले. म्हातारीने चारी भिंती पाहिल्या. मग टेबलाशी गेली, एक बोट त्यावरून ओढलं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरलं.

"घर कोण सांभाळतं?" तिने विचारलं.

ड्वेनने अभिमानाने दिगंबररावांकडे हात केला. दिगंबररावांनी हॅट सरळ केली.

"शरम नाही वाटत?" म्हातारी म्हणाली.

दिगंबररावांचा हात हॅटवरच राहिला.

"माझी आई दिवसातून दोनदा झाडायची. वारा आणून टाकायचा, ती काढायची. शेजारणी म्हणायच्या, केट, वाळवंट कधी झाडून संपतं का? ती म्हणायची, संपवायला कोण झाडतंय?" म्हातारीचा आवाज जरा ओला झाला. "आम्ही निघालो ना, त्या सकाळीसुद्धा तिने सगळं घर झाडलं. ताटली घासली. किटली घासली. बाबा गाडीतून हाका मारत होते. मग झाडू दाराशी टेकवला आणि आली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा जमीन लख्ख होती. तेवढंच मला आठवतं."

म्हणजे तिने शेवटचं पाहिलेलं घर या खोलीत होतं. अगदी तसंच्या तसं होतं, गेल्या आठवड्यात. दिगंबररावांनी ते केलं होतं आणि दिगंबररावांनीच ते पुसलं होतं. एकाच धुळीबद्दल एकाच महिन्यात ती काढली म्हणून आणि घातली म्हणून बोलणी खाल्लेला माणूस त्या मुलखात दुसरा नसावा. त्यांनी ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन आपल्या बुटांकडे पाहत होता.

वीणाताईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या, आडवी खुर्ची उभी केली, पदराने पाठ पुसली, बैठक पुसली, जशी घरी आलेल्या कुणासाठीही पुसली असती, आणि म्हातारीचा हात धरून तिला बसवलं.

"बसा," त्या मराठीतच म्हणाल्या. म्हातारी बसली. खुर्ची डगमगली तसा दिगंबररावांनी खिशातून तो चपटा दगड काढला आणि खाली वाकून पायाखाली सारला. तो त्यांनी का ठेवला होता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ड्वेन खाकरला. "मला वर खाणीपाशी वटवाघळांची जाळी बघायचीय," तो म्हणाला. "वेळ लागेल." आणि मागे न बघता डोंगराच्या वाटेला लागला.

दिगंबररावांनी फुलझाडू आणला. तो त्यांनी म्हातारीच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, असा झाडू तिने कधी पाहिला नव्हता, आणि बसल्या जागेवरून वाकून ती झाडू लागली. खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंत, चटईएवढी जागा. तेवढ्यानेच तिला धाप लागली. वीणाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खालची फळी दिसली, जुनी, गुळगुळीत, मधाच्या रंगाची, आणि म्हातारी त्या फळीकडे बघत राहिली. बाहेर वारा एखादं दार उघडत होता आणि लावत होता. झाडू दाराशी टेकवून ती निघाली तेव्हा तिने दिगंबररावांना मान लववली. डोक्यावर टोपी असती तर तिने ती काढली असती, असं त्यांना पक्कं वाटलं.

ड्वेन परत आला. त्याने ती चटईएवढी जागा पाहिली, कॅमेरा काढला आणि कोनाकोनातून फोटो घेतले. म्हणाला, "इथे जन्मलेल्या व्यक्तीने केलेला बदल आहे हा. म्हणजे आता हीच मूळ स्थिती. अशीच्या अशी राखली पाहिजे." मग, दिगंबररावांच्या डोळ्याला डोळा न भिडवता, "रोज. तुम्हाला जमेल का, डिग?"

तेव्हापासून रोज सकाळी, डोंगरांवर अजून गुलाबी उजेड असताना, दिगंबरराव हॅट घालून कोपऱ्यावरच्या घरात जातात आणि खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंत झाडतात. दुपारी वारा ती जागा भरून टाकतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जातात. वीणाताई पायरीवर चहा घेऊन बसलेल्या असतात आणि त्यांचं लक्ष असतंच.

"तिकडचा कोपरा राहिला," त्या म्हणतात.

"तो सरकारचा आहे," दिगंबरराव म्हणतात, आणि आपल्या हद्दीपाशी नेमके थांबतात.